रुखवतातलं विमान

जळगाव
८ फेब्रुवारी १९५४

लीलाधरभाऊ,

माझं लग्न ठरलं. साखरपुड्याला आबांनी तुला बोलावलं, तर तू कळवलंस की लाकडाला लावलेला सरस अजून वाळला नाही, येता येत नाही. एकीकडे चुलत बहीण, एकीकडे सरसाचं भांडं, आणि तू भांड्यापाशी बसलास. बरंच केलंस म्हणा. आला असतास तर सगळ्या पाहुण्यांना मूर्ख ठरवलं असतंस आणि पंगत अर्धपोटी उठली असती.

आता कामाचं. मुलगा धरणगावचा, नाव गिरधर. घरी कापसाची शेती. तो मात्र शेतात नसतो, मोठ्या गावच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकतो. त्याची आई धुरपदाबाई. त्यांचा निरोप आलाय: "मना पोऱ्या इमान चालाडस, तं रुखोतमा इमान पाहिजे." यामागचं कारण असं की गेल्या साली त्यांच्या जावेच्या सुनेनं रुखवतात साखरेची आगगाडी मांडली होती. खिडक्यांत लवंगांचे उतारू बसवले होते म्हणे. जावेवर मात करायची तर आगगाडीच्या वरचं काहीतरी हवं, आणि आगगाडीच्या वर विमानच.

रुखवतात नवरीच्या हातची कला मांडतात. माझ्या हातची कला म्हणजे दोन अभ्रे, आणि त्यातला बरा दिसतो तो शेजारच्या बेबाबाईंनी विणलाय. मी इंटर झाले ते भरतकामावर नाही.

तू शाळेत पोरांना चित्रकला शिकवून घरी आलास की ती खेळणी करत बसतोस. त्यातलं एक दे. माझ्या नावावर मांडू. पिवळं असलं तर हळदीच्या घरात शोभेलही.

मंजुळा


धुळे
१४ फेब्रुवारी १९५४

मंजुळा,

'खेळणी' हा शब्द पुन्हा लिहिलास तर तुझं पत्र लाकडाच्या भुशाबरोबर बंबात जाईल.

मी मॉडेल करतो. खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे माझा एक इंच. पंखाची एकेक बरगडी बांबूच्या कामटीची, अंग पांगाऱ्याच्या लाकडाचं, वरून मलमल. मलमलीला साबुदाण्याची खळ देऊन ती अशी ताणतो की टिचकी मारली तर डफासारखी वाजते. मधल्या तारा सतारीच्या. तुमच्या धुरपदाबाईंना यातलं काय कळणार? त्या पंखावर करंज्या मांडतील आणि पंख्याला हळदकुंकू लावतील. लवंगांचे उतारू पाहून टाळ्या पिटणारी माणसं ही!

तरी करतो. तुझ्यासाठी नव्हे. सध्या हाती घेतलंय ते पूर्ण व्हायचंच आहे म्हणून. शिकाऊ विमान म्हणजे टायगर मॉथ, दुसरं शिकाऊ विमान असतच नाही. युद्धात चार वर्षं मी त्यांचे फाटके पंख शिवले, तारा कसल्या, पंखे हातानं फिरवून दिले. मला मात्र वर जाऊ दिलं नाही, डाव्या डोळ्यात खोट काढली. ज्यांचे दोन्ही डोळे शाबूत आणि मागे डोक्यात काहीच नाही, अशा पोरांना मी रोज पट्ट्यानं बांधून आकाशात पाठवत होतो.

म्हणून तुझ्या वैमानिकाची जरा परीक्षा घेऊ. त्याला तीन प्रश्न विचार. शिकणारा पुढच्या सीटवर बसतो की मागच्या? शेपटाखाली काय असतं? जमिनीवर उतरल्यावर ते थांबतं कसं?

उत्तरं मला माहीत आहेत. हे प्रश्न मॉडेलसाठी नाहीत, माणसासाठी आहेत.

लीलाधर


जळगाव
३ मार्च १९५४

परीक्षक महाशय,

तुझे तीन प्रश्न गिरधरला पाठवले. तुझी बाकीची बडबड गाळली, कारण आमची पत्रं आबा वाचतात आणि त्यांना एका कागदापेक्षा जास्त वाचायचा कंटाळा आहे. उत्तर आलं ते जसंच्या तसं लिहिते:

"शिकणारा पुढे बसतो, मास्तर मागे. शेपटाखाली लहानसं चाक. थांबायला ब्रेक. ब्रेक नसता तर काय, चाकाखाली धोंडा लावायचा का? तुमचे बंधू विमानाचे मास्तर की बैलगाडीचे?"

मला हसू आलं. आबांनाही आलं असावं, कारण त्या ओळीवर त्यांच्या तपकिरीचा डाग आहे.

आणखी एक सांगते, आणि यावर तू काही बोलायचं नाहीस. पत्राच्या शेवटी त्यानं लिहिलंय: "लग्नानंतर एकदा वर येशील का? भीती वाटली तर डोळे मिटून बस, पण ये." मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ विचारलंय. स्वैपाक येतो का, उंची किती, नाकात चमकी का नाही. वर येशील का, असं कुणी विचारलं नव्हतं. मला या माणसाशी लग्न करायचं आहे. तू सरस वाळव.

मंजुळा


धुळे
७ मार्च १९५४

मंजुळा,

अभिनंदन. तुझा वैमानिक कधी विमानात बसलेलाच नाही.

टायगर मॉथमध्ये शिकणारा मागे बसतो आणि मास्तर पुढे. एकटा उडायची वेळ आली तरी माणूस मागेच बसतो, पुढची सीट रिकामी. शेपटाखाली चाक नसतं, लोखंडी पायाची घसरपट्टी असते, ती माती ओरबाडत जाते. आणि ब्रेक? ब्रेक नसतोच! म्हणून तर आम्ही दोघं जण दोन पंख धरून त्याच्याबरोबर धावत होतो. तीन प्रश्न, तिन्ही चूक. माझ्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा चिंधासुद्धा तीनपैकी एखादं ठोकून बरोबर देईल.

हा माणूस क्लबाच्या कुंपणाबाहेर उभा राहून विमानं बघत असेल, किंवा तेही नाही. बापाच्या कापसावर कुठेतरी चहा पीत बसलेला असेल आणि घरी सांगत असेल की उडतो. 'वर येशील का' म्हणे! स्वतः तरी गेलाय का?

मला माहीत आहे, तू हे दाबून टाकशील. म्हणून आबांना आजच्याच टपालानं कार्ड टाकलं आहे. कार्डच टाकलं, पाकीट नाही. खरं लपवायला पाकीट कशाला?

मॉडेलचे वरचे पंख बसले. ते सहज बसत नाहीत. खालच्या पंखांपेक्षा ते पुढे सरकवून घ्यावे लागतात, आणि सरकवायचं का, तर पुढच्या सीटवरच्या माणसाला वेळ आली तर पंखाखालून उडी टाकून बाहेर पडता यावं म्हणून. पेट्रोलची टाकी बरोब्बर त्याच्या डोक्यावर असते. असली गोष्ट कुंपणाबाहेरून दिसत नाही.

लीलाधर


जळगाव
१९ मार्च १९५४

लीलाधरभाऊ,

तुझं कार्ड पोहोचलं. पोस्टमन उखर्डूनं ते ओट्यावरच वाचून दाखवलं, कारण आबांचा चष्मा मळ्यात राहिला होता. ओट्यावर बेबाबाई होत्या, समोरचे लोटननाना होते आणि केळीचा व्यापारी भाव करायला आला होता तोही होता. "मुलगा खोटारडा आहे, विमानात बसलेला नाही, याची तांत्रिक खात्री मी देतो." 'तांत्रिक' शब्दावर उखर्डू अडखळला, पण लोटननानांनी त्याचा अर्थ लावला. त्यांना वाटलं गिरधरवर कुणीतरी करणी केलीय.

आबा दुसऱ्याच दिवशी धरणगावला गेले. गिरधर घरी नव्हता, क्लबात होता. आबांनी साखरपुड्याची साडी आणि नारळ धुरपदाबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, आमचा धुळ्याचा पुतण्या मास्तर आहे, त्यानं ओळखलं. धुरपदाबाई उठून उभ्या राहिल्या म्हणे. "मना पोऱ्या इमान चालाडस. तुमना धुयाना मास्तर काय चालाडस? सायकल?"

गल्लीभर पसरलंय. बेबाबाई रोज येतात आणि माझा हात हातात घेऊन बसतात, जणू मी दवाखान्यातून आलेय. मोडलेल्या लग्नाच्या मुलीला पुढचं स्थळ कसलं येतं, ते तुला सांगायला नको. तुला कामट्या मोजायला वेळ हवा.

मंजुळा


धुळे
२३ मार्च १९५४

मंजुळा,

रडू नकोस. रडत नसशील तर हे वाक्य सोडून दे.

मी तुला वाचवलं. आभार मानायची तुमच्या घराची पद्धत नाही, ते ठाऊक आहे. सायकल चालवतो हे खरं. पण मी ती विमान म्हणून सांगत नाही.

टायगर मॉथ पुरं झालं. पुढची काच धुतलेल्या फोटोच्या फिल्मची. टायर सायकलच्या ट्यूबचे. मास्तर आणि शिकाऊ एकमेकांशी बोलतात ती नळीसुद्धा घातली आहे, सुईएवढी. शाळेतले बन्सीलाल गुरुजी आले होते. टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे हो, उडतं का?" मी त्यांना दार दाखवलं. उडतं का! मारुतीच्या मूर्तीला कुणी विचारतं का उडतोस का?

रुखवत गेलं ते एक बरं झालं. हे करंज्यांशेजारी मांडलं असतं तर मला झोप लागली नसती.

लीलाधर


जळगाव
६ एप्रिल १९५४

लीलाधरभाऊ,

काल गिरधर आला होता. घरात आला नाही. ओट्यावर उभा राहिला आणि आबांना म्हणाला, मला मुलीशी बोलायचं आहे, तुमच्यासमोर. आबा नाही म्हणणार होते, पण मी आधीच बाहेर आले होते. इंटर झाल्याचा एवढा तरी उपयोग.

त्यानं खिशातून फोटो काढला. तो विमानाच्या पंखावर पाय देऊन उभा आहे. भाऊ, नीट वाच. पंख एकच आहे. एकावर एक दोन नाहीत, तारा नाहीत, मलमल दिसत नाही. अंग पत्र्याचं. शेपटाखाली लहान चाक. मी विचारलं, याला काय म्हणतात? म्हणाला, चिपमंक. क्लबात आता हेच शिकवतात. शिकणारा पुढे, मास्तर मागे. ब्रेक आहे. मी विचारलं, टायगर मॉथ? तो म्हणाला, "एक आहे, शेडच्या मागे. त्यात कोंबडी अंडी घालते."

कळलं ना? तू एका विमानाबद्दल विचारलंस, त्यानं दुसऱ्याबद्दल सांगितलं. तुझे प्रश्न बरोबर, त्याची उत्तरं बरोबर, आणि नारळाबरोबर परत गेले ती मी. सगळ्यांत आधी विचारायचं ते तू विचारलंच नाहीस: विमान कोणतं? तुला गरजच वाटली नाही. सेहेचाळीस साली तुला घरी पाठवलं तेव्हा जगातली सगळी विमानं तुझ्याबरोबर धुळ्याला आली आणि तुझ्या खोलीत लटकली, असं तुला वाटतं. बाहेर ती बदलली, भाऊ. तुला न विचारता.

आबा खाली मान घालून उभे होते. गिरधर मात्र तसा भला माणूस नाही, तुझ्याचसारखा आहे. फोटो खिशात ठेवला आणि म्हणाला, "आईनं आता या घराचं नाव टाकलंय. मी तिला तयार करीन, पण माझी अट आहे." अट ऐक. मला सख्खा भाऊ नाही, म्हणजे लग्नात कानपिळी करणारा भाऊ तू. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्याबद्दल टोपी-उपरणं घ्यायचं, ही रीत. गिरधर म्हणतो, रीत उलटी होईल. कान तो पिळणार, तुझा. भर मांडवात, दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांसमोर, आणि शिकणारा पुढे बसतो असं तू मोठ्यानं म्हणेपर्यंत सोडणार नाही. मगच अंतरपाट.

मला वाटलं आबा चिडतील. ते म्हणाले, "एवढंच?"

लग्न आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया झाली की. तू ये.

मंजुळा


धुळे
९ एप्रिल १९५४

मंजुळा,

येणार नाही.

चिपमंक! खारीचं नाव. पत्र्याचं डबडं. पुढे बसवून शिकवतात, म्हणजे पोराला समोरचं सगळं दिसतं आणि काहीच समजत नाही. मागच्या सीटवरून उडवायला अक्कल लागत होती. आता ब्रेक दिलेत, उद्या छत्री देतील, परवा आया ठेवतील. याला शिकणं म्हणत नाहीत, सहल म्हणतात.

माझे प्रश्न चुकले नाहीत. तुझ्या माणसानं विमानाचं नाव सांगायला हवं होतं. तू माझ्या पत्रातलं टायगर मॉथ हे नाव गाळलंस, ते का? 'बडबड' म्हणून! त्याचा दोष माझ्या कानाला का?

टायगर मॉथमध्ये कोंबडी अंडी घालते हे त्यानं मुद्दाम सांगितलं. मला कळतं. असल्या माणसाच्या हाती मी कान देणार नाही. पाचशे पोरांच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. मी तिथं काय तोंड दाखवू?

लीलाधर


जळगाव
१७ एप्रिल १९५४

लीलाधरभाऊ,

तुझं विमान किड्याच्या नावाचं आहे आणि त्याचं खारीच्या. या मुद्द्यावर मी लग्न ठरवणार नाही.

आबांनी दुसरं स्थळ पाहिलंय, भडगावचा कौतिक. बिजवर, दोन मुलं, आटाचक्की. पुढच्या रविवारी मला बघायला येणार आहेत. गिरधर म्हणतो, अटीत बदल नाही. आबा म्हणतात, पुतण्या येत नसेल तर मी मुलगी किती दिवस ओट्यावर ठेवू. तिघेही पुरुष आपापल्या शब्दाला धरून बसलेत आणि मला त्यातल्या एकाच्याही शब्दात बसायचं नाही.

तुझ्यापुढे हात जोडणार नाही. पाचशे पोरांना तोंड दाखवायचं म्हणतोस. मला तर पिठाच्या चक्कीपाशी उभं राहून आयुष्यभर तोंड दाखवायचंय. तुझा कान तुझ्याजवळ ठेव. डोळ्यात खोट निघाली होती तेव्हा तुला विमानात घेतलं नाही. कानात आहे की नाही ते कुणी तपासलं नाही.

मंजुळा


धुळे
२० एप्रिल १९५४

मंजुळा,

काल शाळेला दांडी मारून भडगावला जाऊन आलो. कौतिक चक्कीवर होता. गव्हाच्या पोत्यावर बसून पायाची नखं काढत होता. मी दळण घेऊन आलेलो नाही हे कळल्यावर त्याचा रस संपला. मी म्हणालो, मी मुलीचा चुलत भाऊ, तुम्हाला मुलीबद्दल काही विचारायचं आहे का? त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, "ती जास्ती शिकेल शे ना?" म्हटलं, हो, इंटर. तर म्हणतो, "काही हरकत नही. इसरी जाई."

विसरून जाईल! इतकी वर्षं मी लोकांचा तिरस्कार करतोय, पण त्यात पायऱ्या असतात हे काल समजलं. गिरधर चढेल आहे, वाह्यात आहे, पत्र्याच्या डबड्यात पुढे बसतो. पण त्याला निदान एक विमान माहीत आहे, आणि तुला काय माहीत आहे हे त्यानं पुसायला काढलेलं नाही. कौतिक त्याच्या शंभर पायऱ्या खाली. मी मेलो तरी त्या पोत्याला मेहुणा म्हणणार नाही.

आबांना सांग, भडगावकरांना कळवा, रविवारी येऊ नका. धरणगावला निरोप धाड. माझ्या अटी पुढीलप्रमाणे.

डावा कान. उजव्यानं मला वर्गातला गोंधळ ऐकू येतो, तो शाबूत हवा. पिळण्याआधी त्यानं हात साबणानं धुवावेत. या क्लबवाल्यांच्या बोटांना तेल असतं. शिकणारा पुढे बसतो, असं मी म्हणेन, पण 'चिपमंकमध्ये' हा शब्द आधी लावून म्हणेन, आणि तेवढ्यासाठी त्यानं कान जास्त पिळला तरी चालेल. टोपी-उपरणं नको. धुरपदाबाईंनी तोंडात पदर धरून हसावं, मोठ्यानं नको. बेबाबाईंना पहिल्या रांगेत बसवू नये.

टायगर मॉथ येणार नाही. ते रुखवतासाठी कधीच नव्हतं. रुखवतात काय मांडायचं ते तुझं तू बघ. साखरेची कोंबडी कर.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं निघतो. मी चुकलो असं माझ्याकडून लिहून मिळणार नाही. कान घेऊन येतोय, त्यात भागवा.

लीलाधर